लाईन गेली? शाब्बास, रिले!

पावसाळ्यातली संध्याकाळ. लांब कुठेतरी वीज कडाडते, घरातले दिवे एकदा मंद होतात आणि गप्पकन जातात. "काऊन गेली लाईन?" आजी विचारते. तुम्ही गच्चीवर धावता. आपलं अख्खं गाव अंधारात, आणि नाल्यापलीकडच्या गावात मात्र दिवे तसेच! हायवेवरचा ढाबासुद्धा लखलखतोय. मग चिडायला होतं. आपल्याच गावाने काय घोडं मारलंय?

जरा थांबा. पलीकडच्या गावातले दिवे चालू राहिले, तिथल्या दवाखान्यातला लसींचा फ्रिज चालू राहिला, हे काही आपोआप झालेलं नाही. समजा, दोन्ही गावांना वीज एकाच सबस्टेशनातून येते. तुमच्या लाईनवर बिघाड झाला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिथे ठरलं की एवढीच लाईन तोडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. हे ठरवतो तो रिले. आणि ऐन वेळी तो बरोबरच ठरवेल, याची खात्री आधीच करून ठेवतात ते टेस्टिंगचे तंत्रज्ञ. खांबावर चढलेले वायरमनकाका आपल्याला दिसतात. ही माणसं कुंपणाआड, पॅनलसमोर काम करतात, म्हणून त्यांना फारसं कुणी ओळखत नाही. मला वाटतं, ओळखायला हवं.

आधी वीज येते कुठून ते पाहू. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मोठं औष्णिक वीजकेंद्र नाही. शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालात की वाटेत पारस लागतं. २५० मेगावॅटचे दोन संच आहेत तिथे. उलट दिशेने, मलकापूरच्या पुढे गेलात तर भुसावळजवळ दीपनगरचं केंद्र. पण तुमच्या बल्बमधली वीज यातल्या नेमक्या कुठल्या केंद्राची, हे कुणीच सांगू शकत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही मोठी लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळंही बाकीच्या देशाला येऊन मिळालं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी वीज एकाच तालावर धावते : सेकंदाला ५० आवर्तनं.

आणि ती येते भलत्याच दाबाने. मलकापूर किंवा चिखलीच्या मोठ्या सबस्टेशनात २ लाख २० हजार व्होल्ट! घरात २३०, म्हणजे हिशेब करा, जवळजवळ हजारपट. तिथून हा दाब उतरत उतरत १ लाख ३२ हजार, मग ३३ हजार, मग ११ हजार होतो आणि शेवटी गावातल्या डीपीवर उतरून तुमच्या पंख्यात येतो. मोठ्या दाबाचं काम महापारेषणकडे, गावागावांत वीज पोचवायचं महावितरणकडे. जून २००५ पर्यंत हे सगळं एकाच वीज मंडळात होतं, म्हणून आजोबा अजून 'एमएसईबी' म्हणतात.

आता एखाद्या सबस्टेशनच्या फाटकाशी उभे राहा. आत जायचं नाही हं, बाहेरूनच. पहिल्यांदा कानावर पडेल तो एकसुरी घुमणारा आवाज. हा दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात लोखंडी गाभा असतो. चुंबकत्वामुळे तो अगदी किंचित, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा, ताणला जातो आणि पुन्हा पूर्ववत होतो. विजेच्या एका आवर्तनात दोनदा. म्हणजे सेकंदाला १०० वेळा! तोच हा आवाज. मग खाली पाहा. सगळ्या यार्डात गिट्टी पसरलेली असते. शोभेसाठी नव्हे. मोठा बिघाड झाला की वीज जमिनीत शिरते, आणि मग जमिनीवरच्या दोन पावलांच्या जागांमध्येही व्होल्टचा फरक पडतो. उभ्या माणसाच्या एका पायातून वीज चढते आणि दुसऱ्यातून उतरते. गिट्टी विजेला सहजासहजी वाट देत नाही, म्हणून तिथे काम करणारा माणूस वाचतो. ही गिट्टी लक्षात ठेवा, पुढे तिची आठवण काढावी लागणार आहे.

तर आता रिलेकडे वळू. तारेतून २०० अँपिअर वाहत असताना तेवढा करंट काही पॅनलवरच्या छोट्या यंत्रात घेता येत नाही. म्हणून लाईनवर सीटी बसवतात, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. तो मोठ्या करंटची छोटी, पण प्रमाणात अगदी बरोबर नक्कल करून देतो. समजा, तिकडे २०० अँपिअर असतील तर इकडे ५. तिकडे ४०० झाले की इकडे १०. ही नक्कल रिले रात्रंदिवस बघत असतो.

जुन्या पद्धतीचा रिले बघायला मिळाला तर नशीबच समजा. काळा डबा, पुढे काच, आणि काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती. घरच्या जुन्या वीजमीटरमध्ये जी चकती फिरायची, ती ज्या तत्त्वावर फिरायची त्याच तत्त्वावर हीसुद्धा फिरते. करंट मर्यादेत असेपर्यंत एक नाजूक स्प्रिंग तिला धरून ठेवते. मर्यादा ओलांडली की चकती हलते. आधी सावकाश. करंट आणखी वाढला तर भराभर. ठरावीक अंतर फिरली की तिच्या दांड्यावरचा बिंदू समोरच्या बिंदूला टेकतो, 'टक्' असा आवाज येतो आणि काचेआड एक इवलासा झेंडा खाली पडतो. लाईन ट्रिप!

तो झेंडा हाताने वर केल्याशिवाय परत जात नाही. ऑपरेटर येऊन आधी तोच पाहतो. 'अर्थ फॉल्ट'चा झेंडा पडला असेल तर बहुधा तार कुठेतरी झाडाला किंवा जमिनीला लागलीय. 'ओव्हरकरंट'चे पडले असतील तर कदाचित वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आपटल्यात. भर पावसात लाईन शोधायला निघालेल्या वायरमनला एवढी खूणसुद्धा पुष्कळ असते. नव्या रिलेत चकती नसते, चिप असते. ते बिघाडाची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवतात. पण वागायची रीत त्यांनी बरीचशी जुन्या चकतीकडूनच घेतलीय.

तुम्ही विचाराल, करंट वाढला की लगेच का नाही तोडत? चकती फिरायची वाट कशाला बघायची?

उत्तर आपल्याच शेतात आहे. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असतं. शेतीच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून शेतांकडे जाणाऱ्या लाईनवर, वीज ठरलेल्या वेळीच येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या थंडीत विहिरीवर कोण जाणार, म्हणून अनेकांनी पंपाला ऑटो स्विच लावलेला असतो. वीज आली की पंप आपणहून सुरू. आता गंमत अशी, की पंपाची मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. ५ अश्वशक्तीचा पंप एरवी साधारण ७ अँपिअर घेतो, सुरू होताना चाळीसच्या घरात जातो. असे दोनशे पंप एकाच क्षणी सुरू झाले तर? रिलेला करंट अचानक उसळलेला दिसतो. हा बिघाड आहे की पाण्याची घाई?

इथे चकतीचा संथपणा कामाला येतो. करंट थोडाच जास्त असेल तर रिले जास्त वेळ वाट बघतो. खूप जास्त असेल तर कमी. एका नेहमीच्या सेटिंगवर आकडे असे येतात : मर्यादेच्या दुप्पट करंट झाला तर एक सेकंद, दहापट झाला तर सेकंदाच्या तीन दशांशातच आज्ञा. पण या वाट बघण्यालाही सीमा आहे. सगळेच पंप एकदम उठले आणि करंट उतरायला वेळ लागला, तर लाईन आली आली म्हणेपर्यंत पुन्हा ट्रिप होते. ऑटो स्विच काढून टाका असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार का सांगतं, ते आता कळलं? तुमच्या बाबांच्या पंपावर तो असेल तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

वाट बघण्याचा दुसरा उपयोग तर त्याहून सुंदर आहे. शाळेत पाचवीच्या वर्गात भांडण झालं तर आधी वर्गशिक्षक सोडवतात. त्यांना नाहीच जमलं तर मुख्याध्यापक येतात. पहिल्याच क्षणी मुख्याध्यापकांनी सगळी शाळा सोडून दिली तर कसं होईल? सबस्टेशनातही तोच क्रम असतो. तुमच्या गावाच्या फीडरचा रिले सगळ्यात लवकर हलतो. ट्रान्सफॉर्मरचा रिले त्याच्या मागे मुद्दाम अर्धाएक सेकंद थांबतो. मागून येणाऱ्या ३३ हजारांच्या लाईनचा आणखी थोडा. करंट तिघांनाही दिसत असतो, पण पहिल्याने काम केलं की मागचे आपापल्या जागी परत जातात. नाल्यापलीकडचं गाव उजळलेलं राहिलं ते या थोडक्या थांबण्यामुळे.

रिले फक्त आज्ञा देतो. तार प्रत्यक्ष तोडतो ब्रेकर. ११ हजार व्होल्टची वाहती लाईन तोडली की दोन टोकांमध्ये ठिणगी नाही, ज्वाळाच उठते, आणि वीज त्या ज्वाळेतून वाहतच राहते! ती विझवायची कशी? आजकाल ही टोकं एका बंद नळीत असतात, आणि नळीत हवा नसतेच. निर्वात. विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा क्षणभर शून्यावर येतो. त्या क्षणी ज्वाळा विझते, आणि आत हवाच नसल्याने पुन्हा पेटायला काही मिळत नाही. टोकं एकमेकांपासून जेमतेम सेंटिमीटरभर दूर गेलेली असतात!

आणि ब्रेकर हलवायला शक्ती कुठून येते? लाईनवरच अवलंबून राहिलं तर ऐन बिघाडात दाब कोसळलेला असतो. म्हणून सबस्टेशनात एक खोली बॅटऱ्यांची असते. ११० व्होल्टसाठी २ व्होल्टचे ५५ सेल, रांगेने मांडलेले. तंत्रज्ञ प्रत्येक सेलचा दाब आणि आतल्या आम्लाची घनता तपासून वहीत लिहितात. कंटाळवाणं वाटतं ना? पण या बॅटऱ्या ढेपाळल्या तर रिले कितीही ओरडला तरी ब्रेकर जागचा हलणार नाही.

सगळ्या रिलेंमध्ये मला सगळ्यात आवडतो तो बुखोल्झ. जर्मनीतल्या माक्स बुखोल्झ यांनी तो १९२१ मध्ये काढला आणि शंभर वर्षांनंतरही मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरवर तो आहेच. त्याला विजेचं काहीच मोजावं लागत नाही. तो मोजतो बुडबुडे! ट्रान्सफॉर्मर तेलाने भरलेला असतो. आत कुठे बारीकसा बिघाड सुरू झाला की तिथलं तेल तापून फुटतं आणि वायूचे बुडबुडे वर चढतात. टाकीपासून वरच्या छोट्या पिंपाकडे जाणाऱ्या नळीत बुखोल्झ बसलेला असतो. बुडबुडे त्याच्या टोपीखाली साठतात, तेलाची पातळी उतरते, तेलावर तरंगणारा फ्लोट खाली येतो आणि घंटा वाजते. मोठा स्फोटक बिघाड असेल तर तेलाचा लोंढाच येतो, दुसरा फ्लोट ढकलला जातो आणि ट्रान्सफॉर्मर तडक बंद.

घंटा वाजली की तंत्रज्ञ काय करतात माहीत आहे? तिथल्या काचेतून किती वायू साठलाय ते बघतात आणि छोट्या तोटीतून त्याचा नमुना काढून तपासतात. तो पेट घेणारा निघाला तर आत नक्की काहीतरी जळतंय. नुसती हवा निघाली तर बहुधा तेल भरताना ती आत अडकली होती. कोट्यवधी रुपयांचा ट्रान्सफॉर्मर उघडायचा की नाही, हे मूठभर वायूवरून समजतं.

आता टेस्टिंगवाल्यांचं काम जवळून बघू. एक अडचण लक्षात घ्या. रिले वर्षभर गप्प बसलेला असतो. तो नीट आहे म्हणून गप्प आहे की बिघडलाय म्हणून, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून त्याच्यासमोर खोटा बिघाड उभा करावा लागतो.

टेस्टिंगच्या ताई आधी लेखी परमिट घेतात. मग पॅनलवर सीटीच्या तारांची दोन टोकं एकमेकांना जोडतात आणि त्यानंतरच रिलेला सीटीपासून सुटा करतात. हा क्रम कधीही उलटा होत नाही. लाईन चालू असताना सीटीची टोकं उघडी राहिली तर त्यांच्यात हजारो व्होल्ट तयार होऊ शकतात. मग त्या आपली टेस्टिंग किट रिलेला लावतात. ५ अँपिअर मर्यादा असेल तर १० सोडतात आणि किटमधलं घड्याळ सुरू करतात. चकती फिरते. टक्! एक सेकंद यायला हवा होता आणि जास्त आला, तर समजायचं चकतीच्या टेकूत धूळ बसलीय किंवा स्प्रिंग बिघडलीय. मग मऊ ब्रशने साफसफाई, पुन्हा करंट, पुन्हा मोजमाप. जिथे 'टक्' होतं ते बिंदू बहुतेक वेळा चांदीचे असतात, खामगावच्या बाजारात दागिन्यांना लागते तीच धातू, कारण चांदीइतकी चांगली वीज दुसरी कुठलीच धातू वाहत नाही. पण चांदी काळी पडते, म्हणून तेही बघायचं. शेवटी रिलेला खऱ्या ब्रेकरशी जोडून तो खरोखर उघडतोय का ते बघतात. सगळे आकडे वहीत, दोनदा : आधी कसा आढळला, नंतर कसा केला.

एवढी काटेकोरी कशासाठी? रिलेने ओझ्यालाच बिघाड समजलं तर काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलंय. लांब पल्ल्याच्या मोठ्या लाईनवर वेगळ्या जातीचा रिले असतो. तो दाबाला करंटने भागतो, आणि आलेल्या उत्तरावरून बिघाड किती किलोमीटरवर आहे ते ओळखतो. आहे ना कमाल? पण लाईनवर अतोनात भार आला, दाब खचला, तर भागाकाराचं उत्तर लहान येतं आणि रिलेला वाटतं, लांब कुठेतरी बिघाड झालाय. ३० जुलै २०१२ ला मध्यरात्रीनंतर मध्य प्रदेशातल्या बीना–ग्वाल्हेर लाईनवर हेच झालं. लाईनवर बिघाड नव्हताच, नुसतं ओझं होतं. रिलेने ती तोडली, तिचं ओझं शेजारच्या लाईनींवर पडलं, त्याही एकेक करून सुटल्या आणि सगळा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा तेच, आणि या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतही. ६० कोटींहून जास्त लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या, खाणीत माणसं अडकली. पश्चिमेकडचं जाळं वेळीच वेगळं झालं, म्हणून महाराष्ट्रात दिवे चालू राहिले.

तेव्हा चांगल्या रिलेला तोडता आलं पाहिजे, आणि न तोडताही राहता आलं पाहिजे. सेटिंग करणाऱ्या माणसाला हे दोन्ही एकाच वेळी सांभाळावं लागतं. मला हे काम फार मोठं वाटतं. ते शिकायची वाट दूरही नाही : आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड, नाहीतर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल. मुलीही हे काम करतात.

आता एक गोष्ट, जी रिलेला जमत नाही. तुटलेली तार ओल्या जमिनीवर पडली तर भरपूर करंट वाहतो आणि रिलेला लगेच कळतं. पण उन्हाळ्यात आपली काळी जमीन कोरडी ठणठणीत होऊन भेगाळते. त्यावर, डांबरी रस्त्यावर किंवा वाळल्या कडब्यावर तार पडली, तर इतका थोडा करंट वाहतो की रिलेला तो एखाद्या पंपाइतकाही वाटत नाही. लाईन चालूच राहते. तार मुकाट पडलेली, पण जिवंत!

गिट्टी आठवतेय? त्या तारेभोवतीच्या जमिनीवरही पावला-पावलाला व्होल्टचा फरक असतो, आणि तिथे गिट्टी नसते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून त्याच्या अंगावर माणसापेक्षा जास्त व्होल्ट येतात. तारेला न शिवताही जनावर दगावतं ते यामुळे. लाईन ट्रिप झालेली असली तरी भरवसा नाही. बरेचसे बिघाड क्षणिक असतात, फांदी लागून गेली, पक्षी उडून गेला, म्हणून लाईन पुन्हा एकदा चालू करून पाहिली जाते. मेलेली वाटणारी तार तेव्हा अचानक जिवंत होते.

म्हणून पडलेली तार दिसली की लांबच थांबा, गुरांना आणि लहान भावंडांना मागे घ्या, काठीने तार बाजूला करायला कुणालाही जाऊ देऊ नका. मोठ्यांकडून वीजतक्रारीच्या १९१२ या नंबरवर फोन करायला लावा आणि जवळच्या डीपीचं नाव किंवा खांबावरचा नंबर दुरूनच वाचून सांगा, म्हणजे ऑपरेटरला नेमका तोच फीडर बंद करता येईल.